दिव्यात गेलेली हाक

बोलतोय तो मीच. इकडेतिकडे बघू नका, खोलीत दुसरं कुणी नाही. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर निळ्या टॉवेलखाली जो चौकोनी उंचवटा दिसतोय ना, तो मी. एका हौशी माणसाने घरी बनवलेला रेडिओ ट्रान्समीटर. तुमच्या घरातला रेडिओ नुसता ऐकतो, मी बोलायचो. आणि असातसा नाही, डोंबिवलीच्या दुसऱ्या मजल्यावरून मी तोंड उघडलं की मस्कतच्या खजुरांची पानं हलायची. मी स्वतः पाहिली नाहीत, पण ज्यांनी पाहिली त्यांनी नाही म्हटलेलं नाही.

माझा जन्म चौऱ्याऐंशी साली स्वयंपाकघराच्या ओट्यावर झाला. जन्मदाते सहदेवराव. ते ठाण्याच्या खाडीकाठी, कोलशेतच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांची चित्रं काढायची आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचं यंत्र जुळवायचं, असा त्यांचा दिनक्रम. माझं अंग जुन्या लोखंडी ट्रंकेच्या पत्र्याचं. छातीतला मोठा काचेचा व्हॉल्व लष्कराच्या मोडीतला, चोरबाजारातून आणलेला. त्यामुळे मी युद्ध पाहिलेलं आहे असं मी सगळ्यांना सांगतो.

माझी कॉइल मात्र सरस्वतीवहिनींच्या पावडरच्या डब्यावर गुंडाळली आहे. डबा तेव्हा अर्धा भरलेला होता.

"अहो, माझी पावडर कुठाय?"

"वाटीत काढून ठेवलीय. फडताळात."

"कुठल्या वाटीत? मैद्याच्या शेजारी?"

त्या दिवशीच्या करंज्या थोडक्यात वाचल्या. तेव्हापासून मी तापलो की खोलीभर चमेलीचा वास सुटतो. मस्कतपर्यंत जायचा. बरं, कल्याणपर्यंत तरी.

असा छंद असणाऱ्यांना हॅम म्हणतात. घरी ट्रान्समीटर ठेवायला सरकारचा परवाना लागतो, आणि परवान्यासाठी मोर्सची परीक्षा, म्हणजे टक-टकची भाषा. सहदेवराव महिनोन्‌महिने ताटावर चमच्याने सराव करायचे. वहिनी म्हणायच्या, "आमटी हवी असेल तर तोंडाने मागा, तार करू नका."

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, पुढे लागेल. हवेतून येणारं लांबचं बोलणं ऐकायला मला कान नाहीत. ऐकायचं काम माझ्या शेजारी बसलेल्या रिसीव्हरचं. त्याची छोटी तार खिडकीच्या गजाला बांधलेली. माझी तार लांबलचक, गच्चीवर दोन बांबूंमध्ये ताणलेली. ते बांबू कोलशेतच्या दामाजीने आणून दिले. दामाजी कोळी. त्याची बायको आवडाबाई कारखान्याच्या फाटकासमोर मासळीची पाटी घेऊन बसायची आणि सहदेवराव तिचं नेहमीचं गिऱ्हाईक, अशी ही ओळख. दामाजीने बांबू बांधले ते जाळ्याच्या दोराने. त्या दोराला बोंबलांचा असा वास होता की पुढचे सहा महिने गच्चीवर मांजरांचा मुक्काम पडला. श्रीलंकेतला एक हॅम विचारायचा, तुझ्या आवाजामागे म्यांव कोण करतं?

कधी कधी सहदेवराव काठ्यांचा फुलीसारखा अँटेना करून रिसीव्हरवर उपग्रह ऐकायचे. रशियातल्या हौशी लोकांनी एक छोटं यंत्र आभाळात सोडलेलं होतं, ते शीळ घालत पृथ्वीभोवती फिरायचं. डोक्यावरून गेलं की शीळ हळूहळू उतरत जायची, जवळून निघून जाणाऱ्या इंजिनच्या शिट्टीसारखी. एका संध्याकाळी दामाजी मासळी द्यायला आला आणि ते ऐकत उभाच राहिला.

"ता काय तारा शीळ मारतंय?"

"तारा नाही रे. माणसांनीच सोडलंय वर. सगळ्या समुद्रांवरून फिरतं."

"मंग त्याला सांग, आमचे नाथाला जरा बघ म्हणून."

नाथा त्याचा एकुलता एक मुलगा. मालवाहू जहाजावर खलाशी होता. आखातात तेव्हा लढाई चालू होती आणि व्यापारी जहाजांवरही बाँब पडत होते. दामाजी हसत बोलला होता, पण मी ट्रान्समीटर आहे, आवाजातलं खरं-खोटं मला कळतं. तो हसत नव्हता.

आता गंगुबाईंकडे वळू. या बाई आमच्या भिंतीपलीकडच्या. बिल्डिंगमधला पहिला रंगीत टीव्ही त्यांचा. तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीवर देवादिकांची मालिका लागायची. सगळी बिल्डिंग आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून गंगुबाईंच्या हॉलमध्ये जमायची. बाई टीव्हीला झेंडूचा हार घालायच्या, उदबत्ती ओवाळायच्या, मग तो चालू करायच्या.

आणि नेमका मी बोलायला लागलो की देवाच्या चेहऱ्यावर वाकड्यातिकड्या रेघा पडायच्या. एवढंच असतं तरी लोकांनी चालवून घेतलं असतं. पण एका रविवारी राक्षसाने गदा उगारून तोंड उघडलं आणि आतून मस्कतच्या मित्राशी बोलणाऱ्या सहदेवरावांचा आवाज आला, "हॅलो रतन, तुझा आवाज छान येतोय. इकडे हवा चांगली आहे. काल पावट्याची उसळ केलेली."

हे मात्र शंभर टक्के खरं आहे. पंचवीस माणसं साक्षीला आहेत.

सोसायटीची मीटिंग बसली. पोपटराव म्हणून तळमजल्यावरचे एक गृहस्थ होते, ते म्हणाले हे धर्मावरचं संकट आहे, बांबू तोडा. गंगुबाईंनी त्यांना खाली बसवलं. त्या भांडखोर होत्या, पण न्यायी भांडखोर. शेवटी तोडगा निघाला. माझी गच्चीवर जाणारी तार आधी बाहेरच्या गॅलरीत आणायची आणि तिथे एक दांड्याचा स्विच बसवायचा. दांडा वर असला की मी गच्चीच्या तारेला जोडलेला. दांडा खाली ओढला की एका साध्या विजेच्या बल्बला.

बल्ब कशाला, विचाराल. तारेशिवाय मला चालू केलं तर माझा व्हॉल्व जळून जातो. म्हणून हॅम लोक चाचणी घेताना मला बल्ब लावतात. माझी सगळी ताकद त्या बल्बात जाते, तो झकास पेटतो, बोलण्याबरोबर कमीजास्त होतो, आणि हवेत एक अक्षर जात नाही.

"दांडा माझ्या हातात राहील," गंगुबाई म्हणाल्या. "मालिका सुरू व्हायच्या आधी मी खाली ओढणार, संपली की वर करणार. तुझ्यावर माझा विश्वास नाही, सहदेव. तुला त्या डब्यापुढे बसलं की दिवस कळत नाही."

सहदेवरावांनी मान्य केलं. तेव्हापासून मालिकेच्या वेळी तेही तिथेच जाऊन बसू लागले. त्या तासाला मी कधी चालूच नसायचो.

अठ्ठ्याऐंशी साली एका दुपारी दामाजी आणि आवडाबाई कोलशेतहून डोंबिवलीला आली. पाटी नव्हती, डोक्यावर पदर होता. नाथाच्या जहाजावर आखातात बाँब पडलेला. जहाज बुडालं. काही खलाशी वाचले, काहींचा पत्ता नाही. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात विचारलं तर सांगितलं, चौकशी चालू आहे.

आवडाबाई माझ्यासमोर येऊन बसली आणि सहदेवरावांना म्हणाली, "दादा, हा तुझा डबा तिकडं बोलतो ना? मंग याला विचार, माझा पोर जित्ता हाय का."

मस्कतला रतन होता. मूळ कल्याणचा, सहदेवरावांचा जुना हॅम मित्र, नोकरीसाठी तिकडे गेलेला आणि तिथला परवाना काढून बसलेला. अशी खबर देणं-घेणं नियमात बसतं का, यावर दोघांनी थोडा वाद घातला. जिवावर बेतलेलं असेल तर बसतं, असं दोघांच्या मताने ठरलं. रतन रोज नोकरी सांभाळून हॉस्पिटलं पालथी घालू लागला. शनिवारी सकाळी त्याचा आवाज आला. भाजलेले दोन खलाशी एका हॉस्पिटलात आणलेत, उद्या सकाळी आत सोडतील. तिथून घरी येऊन मी बोलेन, थोडा उशीर होईल, थांबून राहा.

उशीर हा शब्द ऐकून सहदेवरावांनी घड्याळाकडे पाहिलं. आमच्या रेडिओलहरींचा स्वभाव असा की सकाळच्या कोवळ्या उन्हात आवाज मस्कतला पोचतो. ऊन चढलं की वाटेतच विरतो. मग संध्याकाळपर्यंत काही नाही. आणि तो उशीर नेमका मालिकेच्या वेळेत येत होता.

ते गंगुबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"यात विचारायचं काय? उद्या दांड्याला मी हात लावणार नाही. रेघा तर रेघा. देव काय रुसणार आहे?"

रविवार उजाडला. दामाजी, आवडाबाई पहिल्या गाडीने आलेली. वहिनींनी चहा दिला, तो तसाच निवला. सहदेवरावांनी मला चालू केलं. मी तापायला लागलो, चमेलीचा वास सुटला. पलीकडे गंगुबाईंचा हॉल भरत होता. गंगुबाई जमलेल्यांना सांगत होत्या, "आज रेघा येतील. कुणी कुरकुर करायची नाही. एका आईचा पोरगा हरवलाय." मग त्यांनी टीव्हीला हार घातला, उदबत्ती ओवाळली, ती उदबत्ती घेऊन नेहमीसारख्या गॅलरीतल्या तुळशीपर्यंत गेल्या, तुळशीला ओवाळली, आणि परत फिरताना नेहमीसारखा त्यांचा हात वर गेला आणि दांडा खाली आला.

त्यांना कळलंसुद्धा नाही. दर रविवारी आंघोळ, हार, उदबत्ती, तुळस, दांडा, असाच क्रम असायचा. मन दुसऱ्याच्या मुलाकडे होतं, हाताने आपलं काम केलं.

मला कळलं. तार गच्चीवर असते तेव्हा मला उघड्या माळावर उभं राहिल्यासारखं वाटतं. दांडा खाली आला आणि कुणीतरी मला कपाटात घालून दार लावल्यासारखं झालं.

इतक्यात रिसीव्हरमधून रतनचा आवाज आला.

"सहदेव, रतन बोलतोय. ऐकू येतंय का?"

"येतंय रतन, बोल."

"सहदेव, सहदेव. रतन बोलतोय. तुझं उत्तर नाही."

"अरे बोलतोय ना. बोल तू."

थोडा वेळ नुसती खरखर. मग रतन म्हणाला, "तू ऐकत असशील असं धरून सांगतो. दोघांपैकी एक पहाटे गेला. दुसरा बेशुद्ध आहे. चेहरे आणि हात भाजलेत, ओळख पटत नाही. कागद सगळे बुडाले. जहाजावरच्या बाकी माणसांचा हिशेब लागला, उरलेली नावं दोनच, नाथा आणि सखाराम. कंपनीचा इथला एजंट अंदाजाने म्हणतोय की गेला तो नाथा. दुपारी तशी तार तुमच्याकडे पाठवणार आणि अंत्यविधी उरकणार. दोघांचे पाय धड आहेत. नाथाच्या पायावर काही खूण असेल तर सांग. मी लगेच जाऊन बघतो."

पलीकडून शंखाचा आवाज आला, मालिका सुरू झाली.

"खूण हाय," दामाजी घाईने म्हणाला. "पाकटाचा काटा लागलेला. पोटरीत. खाडीत उतरला होता तवा."

पाकट म्हणजे तो चपटा मासा, शेपटीला विषारी काटा असतो.

"कुठल्या पायाला?"

"उजव्या."

"डाव्या," आवडाबाई म्हणाली.

"उजव्या गो. मीच त्याला होडीत वर घेतला."

"तू होडीत घेतला. महिनाभर हळद कोन भरत होता?"

"मावशी, नक्की सांगा," सहदेवराव म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "इथे चूक झाली तर उलटंच होईल."

आवडाबाईने डोळे मिटले. मांडी घातली, समोर कुणीतरी बसलंय असा पाय उचलून मांडीवर घेतल्यासारखं केलं, आणि तिची बोटं हवेतच एका जागी जाऊन थांबली. तिने डोळे उघडले. "डावा. खालच्या अंगाला. चंद्राच्या कोरीवानी."

दामाजी त्या बोटांकडे बघत राहिला. "डावाच," तो म्हणाला.

सहदेवरावांनी माइक तोंडाशी धरला. "रतन, डाव्या पोटरीवर चंद्रकोरीसारखा जुना व्रण. डावी पोटरी. मिळालं?"

आणि हे सगळं, एकेक अक्षर, गॅलरीतल्या बल्बात गेलं. मी जीव तोडून पाठवत होतो, आणि बल्ब उन्हात पेटत-मंदावत बसलेला. सहदेवरावांनी माझ्या मीटरकडे पाहिलं. काटा अगदी जागेवर. बल्ब असो की तार, माझा काटा तेवढाच दाखवतो. माझ्यातून जगभर बोलणारे हे सहदेवराव, आणि मला त्यांना एक शब्द सांगता येत नव्हता. मी घुमल्यासारखी घरघर काढली, जोरात. त्यांनी माझ्या पाठीवर चापट मारली.

"सहदेव, काही येत नाहीये," रतन म्हणत होता. त्याचा आवाज बारीक झालेला. "माझ्याकडे ऊन तापलंय. लवकर बोल."

"बोलतोय रे बाबा. डावी पोटरी. डावी."

"आमचा ऐकू जात नाय त्याला?" आवडाबाईने विचारलं.

"जाईल. जाईल मावशी."

"मी बोलू? आईचा आवाज जाईल."

सहदेवरावांनी माइक तिच्या पुढे धरला. ती माझ्यावर वाकली. "रतन पोरा, नाथाची आई बोलतंय. डावे पायाला बघ. बघ रं पोरा." ते गेलं दिव्यात. मी तेव्हा जेवढा तापलो तेवढा कधी तापलो नव्हतो. व्हॉल्व जळून गेला असता तर बरं झालं असतं असं वाटलं, निदान कुणीतरी उठून काय बिघडलं ते बघितलं असतं.

पलीकडे गंगुबाई टीव्हीसमोर बसलेल्या. देवाचा चेहरा स्वच्छ, आरशासारखा. पोपटराव हळूच म्हणाले, "बघा गंगुबाई, देवाची कृपा. एक रेघ नाही."

गंगुबाईंनीही आधी हात जोडले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. भिंतीपलीकडून सहदेवरावांचं ओरडणं स्पष्ट ऐकू येत होतं. तीन वर्षं या माणसाने नुसतं खाकरलं तरी त्यांच्या टीव्हीवर वीज चमकत होती. त्या उठल्या.

"अहो, आत्ताच तर युद्ध लागलंय," कुणीतरी म्हणालं.

त्या आमच्या दारात आल्या. "सहदेव, तू बोलतोयस ना?"

"काकू, आत्ता नको."

"अरे, बोलतोयस तर माझ्या टीव्हीत रेघ का नाही?"

सहदेवरावांनी मान वर केली. रिसीव्हर खरखरत होता. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. गंगुबाई मागे वळल्या, गॅलरीकडे बघितलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "अगं बाई. दिवा पेटलाय. मीच केलं हे."

त्या तशाच धावल्या.

"हात लावू नका," सहदेवराव ओरडले. मी चालू असताना दांड्याला हात लावला तर बोट भाजतं. त्यांनी माझं बटण खाली दाबलं. "आता करा."

दांडा वर गेला. माझ्या अंगातून वारा वाहिला.

नेमका तेव्हा रतन शेवटचं बोलत होता. खोल विहिरीतून यावा तसा आवाज. "मी बंद करतोय सहदेव. एजंट खाली उभा आहे. शेवटचं एकदा ऐकतो."

सहदेवरावांनी मला पेटवलं. "रतन, थांब. थांब."

खरखर. मग, "कुणीतरी आहे. शब्द लागत नाहीत. पुन्हा."

पुन्हा सांगितलं. पुन्हा शब्द लागेनात. ऊन आमच्या मधे भिंतीसारखं उभं राहिलं होतं. सहदेवरावांनी माइक खाली ठेवला आणि मोर्सची पितळी कळ पुढे ओढली. बोलणं विरतं तिथेही टक-टक पोचते. बारीक असते, पण तिचे तुकडे होत नाहीत. डावी पोटरी, जुना व्रण. डावी पोटरी, जुना व्रण. कळ एकदाही चुकली नाही.

पलीकडे हाहाकार. देवाच्या रथावर टक-टक रेघा. पोपटराव गॅलरीत आले. "गंगुबाई, बाण सुटायची वेळ आणि तुम्ही—"

गंगुबाई दांड्याकडे पाठ करून उभ्या होत्या. "पोपटराव, बाण पुढच्या रविवारी सुटेल. इथे या बाईचा पोरगा सापडतोय. गप उभे राहा, नाहीतर घरी जा."

पोपटराव गप उभे राहिले. मागून बाकीचे आले, तेही राहिले. आंघोळ केलेली, गंध लावलेली सगळी माणसं एका डब्याची टक-टक ऐकत.

सहदेवराव थांबले. रिसीव्हरला कान लावला. फार लांबून, डास गुणगुणावा तशी टक-टक परत आली. त्यांनी ओठ हलवत ती वाचली. "मिळालं. डावी पोटरी. जातो." आणि मग उन्हाने सगळं पुसून टाकलं.

आता संध्याकाळची वाट बघायची.

तो दिवस मी तुम्हाला कसा सांगू? मी बोलका आहे, पण त्या दिवसात बोलण्यासारखं काही घडलं नाही. दामाजी गच्चीवर जाऊन प्रत्येक गाठ चाचपून आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. आवडाबाई भिंतीला टेकून बसली. वहिनींनी पाणी दिलं ते तिने घेतलं नाही. गंगुबाई वरणभात घेऊन आल्या, ताट तिच्या पुढे ठेवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

"खाऊ नका," त्या म्हणाल्या. "पण ताट पुढे असू दे."

थोड्या वेळाने आवडाबाई म्हणाली, "तुझा खेल बुडला ना गो बाय."

"कसला खेळ," गंगुबाई म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं.

उन्हं उतरली. सगळी बिल्डिंग जिन्यात आणि गॅलरीत. पोपटराव सर्वांत पुढे. सहदेवराव रिसीव्हरची चकती केसाएवढी मागे, केसाएवढी पुढे करत होते. मग अचानक, बाजूच्या खोलीतून बोलावं तसा रतन बोलला.

"सहदेव, बघितला पाय. व्रण आहे. बेडवर आहे त्याच्या पायावर. जिवंत आहे तो नाथा. डॉक्टर म्हणतात वाचेल, वेळ लागेल. तार मी थांबवली."

गॅलरीत कुणीतरी रडायला लागलं, मला वाटतं पोपटराव. आवडाबाई रडली नाही. तिने माझ्या तापलेल्या पत्र्यावर हात ठेवला, चटका बसला तरी काढला नाही, आणि सहदेवरावांना म्हणाली, "दादा, त्याला विचार, त्या सखारामाचा गाव कंचा."

रतनने सांगितलं. एजंटला विचारून ठेवलं होतं त्याने. देवगडच्या बाजूला एक वाडी, घरी म्हातारी आई, दुसरं कुणी नाही.

"तार नको धाडू म्हनावं," आवडाबाई म्हणाली. "सकालपर्यंत ती माज्याच पोराची तार होती. कागदावर नको. मानूस जाईल."

दामाजीने मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे तो एसटीने देवगडला गेला. ज्या बापाचा मुलगा वाचला त्याने जाऊन दुसऱ्या आईला सांगितलं. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. त्याने परत येऊन कुणालाच सांगितलं नाही, आणि मी एवढा थापाड्या असूनही ते बोलणं रचणार नाही.

नाथा कितीतरी महिन्यांनी घरी आला. अर्धा चेहरा गुळगुळीत, बोटं आखडलेली. जहाजावर परत गेला नाही. पुढे सहदेवरावांनी परदेशी बनावटीचा सुबक सेट घेतला, त्याला माझ्यासारखा वासबीस नव्हता. माझा व्हॉल्व काढून घेतला, कारण परवान्याशिवाय जिवंत ट्रान्समीटर दुसऱ्याच्या घरी ठेवता येत नाही. आणि आवडाबाईने मागितलं म्हणून मला कोलशेतला आणून दिलं. तिने मला देवाशेजारी ठेवलं. रोज टॉवेल झटकते, माझ्यासमोर उदबत्ती फिरवते. मी नको म्हणत नाही.

आता कोपऱ्याकोपऱ्यावर फोनचे बूथ झालेत. खिशातले फोनही आलेत म्हणे. मस्कतला बोलायला बांबू लागत नाहीत. खाडीत कारखान्यांचं पाणी येतं, मासे कमी झालेत. नाथा तरीही होडी घेऊन जातो.

दुपारी आवडाबाई बाजारात असते, दामाजी पाराजवळ जाळं विणत बसतो. घरात कुणी नसतं तेव्हा नाथा येतो, टॉवेल काढतो, माझा जुना माइक त्या आखडलेल्या बोटांत धरतो. माझ्यात व्हॉल्व नाही, वीज नाही, तार कुठे जोडलेली नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो हळू आवाजात बोलतो.

"सख्या, नाथा बोलतोय. आज एक जिताडा लागला, चांगला हातभर. तुझे आईला भेटून आलो परवा. डोल्यांना कमी दिसतंय तिला. मना तुझ्याच नावाने हाक मारते. मी ओ देतो."

मग तो माइक सोडतो आणि थांबतो. जितका वेळ उत्तराला लागेल, तितका वेळ थांबतो.

म्हणून तुम्हाला एकच सांगणं. कुणी हुशार माणूस या घरी आला आणि म्हणाला की द्या, मी दुरुस्त करून देतो, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. मी जसा आहे तसा असू द्या.

ओटीवर पावलं वाजताहेत. कुणाची ती मला ओळखू येतात. टॉवेल होता तसा नीट करा आणि तुम्ही मागच्या दाराने निघा. आता इथे त्याला कुणी दिसायला नको.